आतली कडी

किशोरवयीन मुलींचं आरोग्य हा समाजाच्या उन्नतीचा पाया आहे. हे वाक्य शाळेच्या मागच्या भिंतीवर निळ्या रंगात, हाताएवढ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. ‘पाया’ या शब्दापाशी भिंतीला तडा गेला होता. शेवटचा ‘आहे’ मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दारामागे जात असल्यामुळे दार उघडं असलं की वाचता येत नसे. दार बहुतेक वेळ उघडंच असे. आत कोणी जात नसे.

हे दार गावातल्या वेल्डरने बनवलं होतं. अँगलची चौकट, जाड पत्रा, तीन बिजागऱ्या, आणि कोपऱ्यात त्याची खूण म्हणून वितळलेल्या लोखंडाचे तीन ठिपके. गावात जे काही बंद व्हायचं, ते त्याच्याच कडीने व्हायचं. गोदामं, गोठे, पंपाच्या खोल्या, कोंबड्यांची खुराडी. त्याची कडी कधी तुटली, असं कोणी ऐकलं नव्हतं.

वेल्डरची मुलगी नववीत होती. दुकानात वाढली म्हणून गावाने तिचं नाव ठिणगी पाडलं होतं. स्वभावाने ती ओल्या लाकडासारखी होती. पेटायला वेळ लागायचा, आणि तोवर धूरच जास्त. त्या वर्षी तिला तिसऱ्यांदा ताप आला. कंबर धरून ती दुकानातल्या बाकावर निजली होती आणि दोन हातांवर तिचा बाप ट्रॉलीच्या तुटलेल्या हुकाला टाके घालत होता.

सुगीचे दिवस होते. एकजात सगळ्या ट्रॉल्या याच दिवसांत मोडतात. वेल्डरचा मदतनीस लग्न करून सासऱ्याच्या गावी गेला होता, तो सासऱ्याला आवडला आणि तिकडेच राहिला. त्यामुळे अँगल धरायला कोणी नव्हतं. वेल्डर एका गुडघ्याने लोखंड दाबायचा, एका हाताने काळी काच धरायचा आणि उरलेल्या हाताने रॉड चालवायचा. पँटला गुडघ्यावर भोकं पडली होती आणि भोकांच्या आत गुडघ्यालाही.

“दवाखान्यात काय म्हणाले?” त्याने काच वर करून विचारलं.

“लघवीला जळजळ होते म्हटलं, तर गोळ्या दिल्या,” ठिणगीची आई म्हणाली. ती बटाट्याच्या शेडमध्ये निवडीचं काम करायची. दहा तास उभी. नखांत माती असायची ती हात धुतल्यावरही जायची नाही. “पाणी भरपूर पी म्हणाले.”

“मग पी की.”

“पिते,” ठिणगी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

वेल्डरची थोरली बहीण दाराशी बसून तांदूळ निवडत होती. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली होती ती पाहुणी म्हणून, त्याला अकरा वर्षं झाली होती. घरातल्या प्रत्येक गोष्टीवर तिचं मत असे आणि ते तांदूळ निवडताना बाहेर पडे.

“मी सांगू का?” आत्या म्हणाली.

“नको सांगूस अक्का.”

“ही रविवारी बरी असते. सुट्टीत महिनाभर काही झालं नाही. शाळा सुरू झाली की दुसऱ्या आठवड्यात ताप. मागच्या वेळीही तेच, त्याच्या मागच्या वेळीही तेच. शाळा मानवत नाही हिला. काहींना वांगं मानवत नाही, हिला शाळा.”

वेल्डर विचारात पडला. त्याच्या हातात अँगल होता. अँगलचं दुसरं टोक धरायला माणूस हवा होता. कारण आजाराचं होतं, सोय दुकानाची होती, आणि दोन्ही एकाच दिशेला जात असली की माणसाला आपण शहाणे आहोत असं वाटतं.

“महिनाअखेरपर्यंत जाऊ दे,” तो म्हणाला. “मग दप्तर बंद. घरी राहील, तब्येत सुधारेल. दुकानात थोडं धरू लागेल.”

“अहो, नववी आहे,” आई म्हणाली.

“आठवी झालीच ना? आठवी काय वाईट आहे? मी सातवी आहे.”

आईने पदर खोचला. ती शेडवर जायला निघाली. जाताना तिने ठिणगीच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला. स्वतः घोटभरही प्यायली नाही. कामावर जाताना ती कधीच पीत नसे.

त्याच आठवड्यात गावात पांढरी जीप आली. जीपवर फलक होता, ‘किशोरी आरोग्य : संशोधन, शिक्षण आणि विभागीय सहकार्य’. फलक जीपपेक्षा लांब असल्यामुळे ‘सहकार्य’ हा शब्द मागे लोंबत होता आणि वळणावर त्याने एकदा शाळेच्या शिपायाची टोपी उडवली. जीपमधून एक तरुण ताई उतरली. तिच्या गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. तीन शेजारच्या विभागांनी मिळून ठरवलं होतं की मुली आजारी का पडतात हे एकदा शोधून काढायचं. त्यासाठी एकशे सव्वीस प्रश्न तयार केले होते.

शाळेत बेचाळीस मुली होत्या. ठिणगी घरी असल्यामुळे ताई घरी आली. आत्याने तिला खुर्ची दिली आणि स्वतः समोर मांडी घालून बसली, जणू परीक्षा तिचीच होती.

“गेल्या तीस दिवसांत तुला विनाकारण उदास वाटलं का?” ताईने विचारलं.

“विनाकारण कशाला?” आत्या म्हणाली. “कारणं काय कमी आहेत?”

“मावशी, तिला बोलू द्या. तुझ्याबद्दलचे निर्णय तू स्वतः घेतेस का?”

ठिणगीने आत्याकडे पाहिलं.

“घेते की,” आत्या म्हणाली.

ताईने बोटाने खूण केली. “शाळेच्या वेळात किती ग्लास पाणी पितेस?”

“आठ.”

“अरे वा!” ताई खूष झाली. “तुमच्या शाळेत सगळ्याच मुली आठ पितात. इतका चांगला आकडा कुठल्याच गावात नाही.”

हा आकडा विज्ञानाच्या पुस्तकात पान एकतीसवर होता. बेचाळीस मुलींनी तो पाठ केला होता. परीक्षेत दोन गुणांना येत असे.

“बाई, एक लिहून घ्या,” आत्या म्हणाली. “ही रविवारी बरी असते.”

ताईने टॅब वरखाली केला. “त्यासाठी रकाना नाही, मावशी.”

“मग कसला अभ्यास तुमचा?”

ताई हसली, पण जरा ओशाळून. निघताना तिने एक कोरी वही काढली. प्रत्येक गावात एक मुलगी नेमायची होती. सहा आठवडे रोज कोण आजारी, कोण गैरहजर हे लिहायचं. “हिचं अक्षर चांगलं आहे असं हेडमास्तर म्हणाले. हिला चालेल का?”

वेल्डरने वही उलटीसुलटी करून पाहिली. पुठ्ठ्यावर शिक्का होता. आत पालकांनी सही करायची जागा होती. असल्या वस्तूंबद्दल त्याला आदर होता.

“किती दिवस?”

“सहा आठवडे.”

“हरकत नाही. घेतलेलं काम अर्धं सोडायचं नाही. सहा आठवडे जा शाळेत. वही संपली की दप्तर बंद.”

अशा रीतीने ठिणगीच्या शिक्षणाला सहा आठवड्यांची मुदतवाढ मिळाली.

ताप उतरल्यावर ती शाळेत गेली. बापाच्या दुकानातली पोलादी पट्टी घेऊन तिने वहीत रकाने आखले. हजर, गैरहजर, ताप, डोकेदुखी, चक्कर, पोटदुखी. पहिल्या पाच दिवसांत चौघींना चक्कर आली, तिघी पोट धरून घरी गेल्या, दोघींना लघवीला जळजळ. पाण्याचा रकाना छापीलच होता. त्यात प्रत्येकीपुढे आठ.

ठिणगी हिशेबाला पक्की होती. बापाबरोबर पत्रा मोजून मोजून तिला तशी खोडच लागली होती. बेचाळीस मुलींचे आठ म्हणजे तीनशे छत्तीस ग्लास. व्हरांड्यातल्या पिंपात, तिने शिपायाला विचारून ग्लासने मोजलं, दोनशे ग्लास पाणी मावत होतं. पिंप सकाळी एकदा भरायचं. संध्याकाळी शिपाई उरलेलं अर्धं पिंप झाडांना घालायचा. मुलांचे ग्लास वजा केले तर मुलींच्या वाट्याला फार तर हवा येत होती.

दुसऱ्या दिवशी तिने वहीत नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, ‘पाणी, खरं’. मधल्या सुट्टीत ती मुलींना घेऊन मैदानाच्या कडेला बसली.

“खरं सांगायचं. मास्तरांना कळणार नाही.”

“तू आधी सांग,” एक जाड वेणीवाली म्हणाली. ती वर्गात सगळ्यांना दटावायची.

ठिणगीने स्वतःपुढे शून्य लिहिलं. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

“मी सकाळी घरी पण नाही पीत.”

“मी तर डाळसुद्धा पातळ खात नाही.”

“माझी आई म्हणते, बाहेर जाताना पाणी प्यायचंच नसतं. ती पण नाही पीत.”

“माझीही,” ठिणगी म्हणाली.

“पण का नाही जायचं बाथरूमला?” सगळ्यात धाकटी, आठवीतली, नवीन आलेली, हिने विचारलं.

मग वेणीवालीने सांगितलं. दाराला आतून कडी नाही. बाहेरून आहे. आत गेलं की दार एका हाताने ओढून धरावं लागतं, आणि मुलं मागून येऊन बाहेरून कडी लावून पळतात. मागच्या वर्षी वेणीवालीला अख्खा चित्रकलेचा तास आत उभं राहावं लागलं होतं. पत्रा तापला होता. शेवटी शिपायाने काढलं तेव्हा मैदानावर सगळी शाळा उभी होती, आणि कोणीतरी टाळ्या वाजवल्या होत्या.

“तेव्हापासून कोणी जात नाही,” वेणीवाली म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. “कडी पण अशी मजबूत घातलीय मेल्याने.”

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. सगळ्यांनी ठिणगीकडे पाहिलं. ठिणगीने ऐकलेलं सगळं वहीत लिहिलं, पट्टी आत ठेवली आणि वही मिटली.

घरी तिने काही सांगितलं नाही. त्या दिवशी बाप खुशीत होता. गोदामवाल्याने त्याच्या कडीचं चारचौघांत कौतुक केलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात ताई वही बघायला आली. तिने ‘पाणी, खरं’ हा रकाना एकदा वाचला, दोनदा वाचला. मग शाळेमागे जाऊन दार पाहिलं, आणि तिथून तडक दुकानात आली. ठिणगी मागून जवळजवळ धावत होती.

“काका, शाळेतल्या त्या दाराची कडी कुणी बसवली?”

वेल्डरने काळी काच वर केली. चेहऱ्यावर घाम आणि काजळी, त्यातून दात दिसले. “मीच. दोन वर्षं झाली, गंज बघा चढलाय का! हत्ती आला तरी आतून उघडायची नाही.”

“तेच विचारायचं होतं.”

ताईने वही उघडून सांगितलं. फार सौम्यपणे सांगितलं, त्यामुळे जास्त लागलं. बेचाळीसपैकी एकोणचाळीस मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. चक्कर त्यामुळे. पोटदुखी त्यामुळे. लघवीची जळजळ, ताप त्यामुळे. रविवारी घरी असतात म्हणून रविवारी बऱ्या असतात.

“मी म्हटलं होतं,” आत्या दारातून म्हणाली.

वेल्डरने होल्डरमधला रॉड बदलला.

“दाराला कडी बाहेरूनच असते,” तो म्हणाला. “तीस वर्षं करतोय. आतून कशाला? आत पोती असतात. जनावर असतं. पोतं काय कडी लावून घेणार?”

“आत माणूस असतो,” आत्या म्हणाली.

वेल्डरने काच डोळ्यांवर ओढली आणि समोरच्या तुकड्यावर टाका घातला. त्या तुकड्याला टाका आधीच घातलेला होता.

काच खाली असतानाच त्याने विचारलं, “तुलाही कोंडलं होतं?”

“नाही,” ठिणगी म्हणाली. “मी गेलेच नाही कधी.”

दुसऱ्या दिवशी वेल्डर हेडमास्तरांकडे गेला. हेडमास्तर सज्जन होते आणि दार योजनेतलं होतं. योजनेतल्या दाराला हात लावायचा तर आधी अर्ज, मग पाहणी, मग मंजुरी. “आतून कडी, अशी तरतूद नकाशात नाही,” ते म्हणाले. “आणि एखादी मुलगी आत अडकली तर जबाबदारी कोणाची?”

“आता अडकतात त्याची कोणाची आहे?”

हेडमास्तरांनी चष्मा पुसला. “रविवारी शाळेत कोणी नसतं,” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. “मी तर नसतोच.”

रविवारी वेल्डर ग्राइंडर घेऊन गेला. ठिणगीने वायरचं वेटोळं धरलं होतं, आत्या बघायला आली होती. बाहेरची कडी कापायला बराच वेळ लागला. आपलंच काम किती चिवट असतं हे त्याला त्या दिवशी कळलं. दोन चकत्या झिजल्या. कडी सुटून जमिनीवर पडली तेव्हा ती त्याने उचलली नाही, पायाने बाजूला सारली. मग आतून नवी घातली. बोटाने सरकेल अशी, कोयंडा खोल, दांडा गुळगुळीत घासलेला.

“मी आत जातो. तू ढकल.”

ठिणगीने दार ढकललं.

“जोरात. शत्रू असल्यासारखं.”

तिने खांदा लावला. आत्यानेही पदर खोचून खांदा लावला. दार हललं नाही.

“झालं, उघड आता,” आत्या म्हणाली.

आतून आवाज आला नाही. दोघी थांबल्या. ऊन डोक्यावर होतं. बऱ्याच वेळाने कडी सरकली आणि वेल्डर बाहेर आला. सदरा पाठीला चिकटला होता, डोळे लाल झाले होते.

“इतका वेळ आत काय करत होतास?” आत्याने विचारलं.

“उभा होतो,” तो म्हणाला. “एक चित्रकलेचा तास केवढा असतो ते बघत होतो. सगळा काही झाला नाही माझ्याच्यानं.” त्याने परत ग्राइंडर उचलला. “हवा नाही आत. वर झरोका पाडतो.”

म्हणजे वहीतलं वेणीवालीचं बयान त्याने वाचलं होतं. ताई येऊन गेल्यावर सहीच्या निमित्ताने त्याने वही रात्री स्वतःकडे ठेवून घेतली होती.

सोमवारी वेणीवाली पहिली आत गेली. एकवीस जणी मैदानावर उभ्या होत्या. आतून कडी सरकल्याचा खट्ट आवाज आला. दोन मुलं धावत आली, बाहेर हाताने चाचपत राहिली आणि काही सापडेना म्हणून एकमेकांकडे बघत उभी राहिली. वेणीवाली बाहेर आली, ओल्या हातांनी वेणी मागे टाकली, आणि मुलींनी टाळ्या वाजवल्या. या टाळ्या वेगळ्या होत्या.

त्या आठवड्यात पिंप दोनदा भरावं लागलं. शिपाई कुरकुरला. झाडांना पाणी उरेना. चौथ्या आठवड्यात एकीलाच चक्कर आली, पाचव्यात कोणालाच नाही. सहाव्या आठवड्याच्या शेवटी ठिणगीने स्वतःच्या नावापुढे पाहिलं. ताप, शून्य. पाणी, खरं, पाच.

वही संपली. संध्याकाळी तिने ती बापापुढे ठेवली आणि दप्तर त्याच्या शेजारी ठेवलं. आई शेडवरून आली होती, ती पायरीवरच थांबली.

वेल्डरने शेवटच्या पानावर सही केली. बराच वेळ लावून, पूर्ण नावाची. मग दप्तर उचललं, त्याचा तुटलेला बंद पाहिला, आणि दुकानात जाऊन तारेची कडी वळवून बंद पक्का करून आणला.

“उद्या किती वाजता असते शाळा?” त्याने विचारलं. नऊ वर्षं ती शाळेत जात होती.

“साडेदहाला.”

“मग वेळेवर जा.”

“अँगल कोण धरेल?” आत्याने विचारलं.

“तू धर. तुझ्या खांद्यात जोर आहे, त्या रविवारी बघितला.”

“शाळा मानवायला लागली म्हणायची हिला,” आत्या म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून खरंच अँगल धरायला बसली. हातात अँगल असल्यामुळे तिची मतं जरा कमी झाली, पण जी उरली ती जास्त टणक झाली.

आई स्वयंपाक करता करता म्हणाली, “अहो, शेडवरच्या बाथरूमच्या दाराला कडीच नाही. ना आतून, ना बाहेरून.”

वेल्डर जेवता जेवता थांबला. “इतकी वर्षं बोलली नाहीस?”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

पुढच्या रविवारी तेही झालं. शेडचा मालक म्हणाला, निवडीच्या बायका आता सारख्या उठतात. ते खरं होतं.

इकडे आकडे पुढे गेले. तीन विभागांत मिळून एकशे दहा गावं होती. समुपदेशन, गोळ्या, भित्तिपत्रकं, व्याख्यानं असे नाना उपाय चालू होते, आणि हजेरीच्या आलेखावर सगळ्या रेषा मुंगीच्या चालीने वर जात होत्या. एकाच गावाची रेषा चौथ्या आठवड्यात शिडीसारखी उभी राहिली होती. या अभ्यासाच्या प्रमुख असलेल्या मोठ्या मॅडमना आधी वाटलं वही खोटी आहे. त्या स्वतः आल्या, दार पाहिलं, आत गेल्या, कडी लावली, काढली. बाहेर येऊन त्या ठिणगीला म्हणाल्या, “आम्ही एकशे सव्वीस प्रश्न विचारले. तू एकच विचारलास. परिषदेला येशील?”

शहरातल्या नव्या सभागृहात परिषद भरली. वेल्डर इस्त्रीचा सदरा घालून, आई नव्या साडीत, आत्या सगळ्या मतांसकट. मंचावर तिन्ही विभागांचे अधिकारी, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. ठिणगीने लाकडी फळीवर ठोकलेली कडी आणली होती. तिने ती सरकवून दाखवली. सभागृहात खट्ट आवाज घुमला.

सुरुवातीला ती फळीकडे बघूनच बोलली. मग तिने पिंपाचा हिशेब मांडला, आणि हिशेब सुरू झाल्यावर ती सरळ उभी राहिली. “ताईंनी आम्हाला विचारलं तेव्हा आम्ही पुस्तकातलं सांगितलं,” ती म्हणाली. “मग आम्ही आम्हाला विचारलं.” बोलताना ती सगळ्यांसमोर एक ग्लास पाणी प्यायली, पुरावा म्हणून. टाळ्या पडल्या तेव्हा आणखी एक प्यायली.

तिन्ही विभागांनी तिथल्या तिथे ठराव केला. सगळ्या शाळांत आतली कडी. नमुना वेल्डरचा. ती डावीकडे असावी की उजवीकडे यावर दोन विभागांत थोडी खडाजंगी झाली, तिसऱ्याने समिती सुचवली, मॅडमनी तिघांनाही खाली बसवलं. मग कोणीतरी वेल्डरला उभं करून या रचनेमागचं तत्त्व विचारलं.

वेल्डरने घसा साफ केला. “आत माणूस असतो,” तो म्हणाला.

सगळं सभागृह उभं राहिलं. मागच्या रांगेतल्या एका अधिकाऱ्याने ते वाक्य लिहून घेतलं. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापायचं ठरलं.

“ते मी म्हटलं होतं,” आत्या शेजारच्या अनोळखी बाईला म्हणाली. त्या बाईने तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

ठिणगी मंचावरून उतरली. मोठ्या मॅडमनी तिला जवळ घेतलं, फोटो निघाले, कोणीतरी तिच्या हातात तिसरा ग्लास दिला. तोही तिने संपवला. मग तिने आत्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघी व्हरांड्याच्या टोकाला गेल्या.

तिथल्या दाराला चकचकीत पितळी मूठ होती. पांढरं लाकूड, वर बाईचं सोनेरी चित्र. ठिणगीने आत जाऊन दार लावलं, मग उघडून डोकं बाहेर काढलं.

आतून कडी नव्हती. आत्या बाहेर उभी राहिली.